जुना इलेक्ट्रिक ऑर्गन घ्यायचा आहे : हॅमंड, फारफिसा की इलेक्टोन?

माशेलचा_रसिक

संगीत नाटकाच्या साथीसाठी मंडळाला जुना इलेक्ट्रिक ऑर्गन घ्यायचा आहे. वर्षाला पाच-सहा प्रयोग, तेही बहुतेक देवळाच्या सभामंडपात किंवा उघड्या मंचावर, शिवाय भजनी सप्ता. गायक काळी एक आणि काळी दोनचे, गायिका काळी चार-पाचच्या. शेजारी पेटी असणारच, त्यामुळे सूर जुळणं सगळ्यात महत्त्वाचं.

तीन वाद्यं नजरेत आहेत, तिन्ही गोव्यातच. सासष्टीत एका घरी हॅमंड एल-१०० आहे, बोटीवर नोकरीला असलेल्या कुणीतरी अमेरिकेतून आणलेला, ७५ हजार सांगतात. म्हापशात जुन्या लग्नाच्या बँडचा फारफिसा कॉम्बो कॉम्पॅक्ट आहे, ४० हजार. आणि लोटलीला एक यामाहा इलेक्टोन, दोन मजली (एकावर एक दोन कळपट्ट्या), लाकडी पेटाऱ्याचा, खाली तेरा पेडल. घर रिकामं करताहेत, १५ हजार द्या आणि उचला म्हणतात.

आवाजाला कुठला चांगला आणि पैसे कशात वसूल होतील?

काळी_दोन

हॅमंडच्या पाठीमागे धातूची पाटी असते. तीवर किती व्होल्ट आणि किती सायकल लिहिलंय ते आधी बघा. ते कळेपर्यंत बाकी चर्चा व्यर्थ आहे.

माशेलचा_रसिक

फोटो मागवला. ११७ व्होल्ट, ६० सायकल. सोबत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर देतो म्हणताहेत, म्हणून मी निश्चिंत होतो.

काळी_दोन

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी म्हणजे सायकल (हर्ट्झ) नाही. गोम तिथेच आहे.

हॅमंडमध्ये आवाज ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह तयार करत नाहीत. आत एका दांड्यावर दातेरी लोखंडी चकत्या फिरतात, प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि गुंडाळी असते, आणि चकतीचे दात चुंबकापुढून जाताना गुंडाळीत त्या सुराचा विद्युतप्रवाह उमटतो. हॅमंडच्या मोठ्या बी-३ मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या असतात, एल-१०० मध्ये त्याहून कमी. दांडा फिरवणारी मोटर सिंक्रोनस, म्हणजे तिचा वेग विजेच्या सायकलला बांधलेला. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेवरची घड्याळं बनवायचा, तीच मोटर त्याने १९३५ साली बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये वापरली. त्यामुळे हॅमंड कधी बेसूर होत नाही, पण तो सुरात लावताही येत नाही.

आपल्याकडे ५० सायकल. मोटर सहाला पाच या प्रमाणात हळू फिरणार. ४४० चा सूर ३६६.७ वर येतो. पेटीच्या भाषेत, पांढरी सहा दाबली की काळी तीन वाजते, तीही शुद्ध नाही, १६ सेंट उतरलेली (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तीन पट्ट्या वर सरकून वाजवाल, म्हणजे काळी एकसाठी पांढरी तीनवर षड्ज धराल, पण ते १६ सेंट जाणार कुठे? तबला-तंबोरा उतरवून घेता येतो. पेटीचे सूर कानस मारून एका प्रयोगापुरते कोण उतरवणार?

शिवाय ६० सायकलसाठी गुंडाळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. अर्धा तास काही कळत नाही, तीन अंकी नाटकात कळतं.

बारदेशचा_कीबोर्ड

काळी_दोन यांचं गणित बरोबर, पण त्यावरून हॅमंड बाद करू नका. उपाय आहे आणि तो फार महागही नाही.

अमेरिकेच्या बाजारासाठी बनणारे १२ व्होल्ट डीसी ते ११५ किंवा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे शुद्ध साइन वेव्हचे इन्व्हर्टर मिळतात. त्याला १२ व्होल्टची बॅटरी किंवा दणकट एसएमपीएस (घरच्या विजेतून डीसी देणारा सप्लाय) लावा आणि अख्खा ऑर्गन त्यावर चालवा. पाटीवर जितके वॅट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण सुरू होताना मोटर आणि व्हॉल्व्हचे हीटर एकदम ओढतात. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर चालणार नाही, तो ५० हर्ट्झचाच. 'मॉडिफाइड साइन' लिहिलेला स्वस्त मालही नको, मोटर गुरगुरते आणि स्पीकरमध्ये सतत झिणझिण येते. इन्व्हर्टरचा पंखा आवाज करतो, म्हणून तो विंगेत ठेवायचा. क्वार्ट्झवर चालणारा असेल तर सूर एकदम पक्का. बॅटरीवर असल्याने गावची वीज १९० वर आली तरी फरक पडत नाही.

आवाजाचं म्हणाल तर ड्रॉबारची (सुराचे घटक मिसळायच्या ओढदांड्यांची) सर दुसऱ्या कशाला नाही. एका सुरात सोळा फुटी खर्जापासून एक फुटी तारापर्यंत नऊ घटक, प्रत्येक शून्य ते आठ. आठ फुटी म्हणजे कळेचा मूळ सूर, सोळा फुटी त्याच्या एक सप्तक खाली. पायाच्या ऑर्गनकडे झुकणारा रंग हवा तर पहिले दोन बंद, आठ फुटीपासून पुढे उतरती भाजणी: ०० ७६५४ ३२१. मूळ घटक जवळजवळ साइन वेव्ह असल्याने हुबेहूब पत्तीचा (रीडचा) आवाज येणार नाही, पण गायकाच्या आवाजाखाली तो सुंदर बसतो. व्हायब्रॅटो पूर्ण बंद. नाट्यपदात मींड आणि ऑर्गनचा कंप एकमेकांना खातात.

सोल्डर_आणि_सोलकढी

७५ हजार, इन्व्हर्टर, बॅटरी, वाहतूक, दुरुस्ती. हा हिशोब लाखावर जातो आणि हातात येतो एल-१००, बी-३ नव्हे. एल मालिका १९६१ ते १९७२ पर्यंत निघाली, घरगुती दिवाणखान्याचा स्पिनेट. मजले ४४ कळांचे. व्हायब्रॅटो इलेक्ट्रॉनिक, बी-३, एम-३, एम-१०० यांत जो फिरता स्कॅनर असतो तो नाही. चकत्या खऱ्या आहेत, पर्कशन आहे, हे मान्य.

पैसे द्यायच्या आधी हे तपासा. फक्त आठ फुटी ड्रॉबार ओढून खालपासून वरपर्यंत प्रत्येक कळ. मग तो आत, पुढचा बाहेर, पुन्हा सगळ्या कळा. कंटाळवाणं आहे, पण दोष नेमका कुठे ते यातूनच कळतं. समजा मधल्या सप्तकाचा षड्ज आठ फुटीवर मुका. आता सोळा फुटी ओढून एक सप्तक वरचा षड्ज दाबा. दोन्हीकडे तीच चकती वाजते. तिथेही मुका असेल तर दोष चकतीत, तिच्या गुंडाळीत किंवा फिल्टरमध्ये, म्हणजे पेटारा खोलून मोठं काम. तिथे वाजत असेल तर कळेखालचा संपर्क मळलाय, ते काम सोपं.

सगळे वरचे सूर मंद, कांबळ्याखालून आल्यासारखे वाटले तर जनरेटरवरचे (चकत्या फिरतात त्या भागावरचे) मेणकागदी कपॅसिटर सरकलेत. साधारण १९६४ नंतरच्या जनरेटरवर लाल कपॅसिटर आले, ते टिकतात. उलट साठच्या दशकाच्या मध्यानंतर कळांच्या चौकटीत फोम वापरला गेला, तो कुजून चिकट होतो आणि खालच्या बारीक तारा खातो. आपल्या हवेत तर लवकरच. पाठ उघडून काळा, बोटाला लागणारा चिखल दिसतोय का बघा. दिसला तर किंमत निम्मी मागा किंवा सोडा.

तेल: जनरेटरवरच्या वाट्यांतून सुती धाग्यांनी बेअरिंगपर्यंत जातं. वर्षातून एकदा, हॅमंडसाठीचं पातळ तेलच. गंज सोडवायचा स्प्रे आत मारला की धागे धुऊन निघतात, बेअरिंग कोरडं पडतं आणि मग दांडा अडकतो. विकणाऱ्याने 'मी स्प्रे मारून मोकळा केला' असं कौतुकाने सांगितलं तर नमस्कार करून निघा.

रामनाथीचा_साथीदार

नाट्यसंगीताच्या दृष्टीने लिहितो. साथीत ऑर्गनचं काम भरणा देण्याचं, पेटीसारखं प्रत्येक हरकत टिपण्याचं नव्हे. त्यामुळे तीन गोष्टी लागतात: आवाज हळूहळू वाढवता-उतरवता येणं, सूर न तुटता लांब धरता येणं आणि पेटीशी तंतोतंत जुळणं. पहिल्या दोन तिन्ही वाद्यांत आहेत, पायाखाली व्हॉल्यूम पेडल असतंच. तिसरी फक्त फारफिसात हाताने साधता येते.

काळी_दोन

+१. आणि फारफिसाची ही बाजू बाजारात कुणी सांगत नाही, सगळे साठच्या दशकातल्या बँडच्या चिरक्या आवाजाबद्दलच बोलतात.

फारफिसा आणि व्हॉक्स कॉन्टिनेन्टल ही ट्रान्झिस्टरची पहिली पिढी. आत बारा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं), बारा सुरांना एकेक. प्रत्येक ऑसिलेटर आपल्या सुराचं सर्वांत वरचं सप्तक वाजवतो, त्याच्या खालची सगळी सप्तकं डिव्हायडर फ्रीक्वेन्सी निम्मी निम्मी करत काढतात. म्हणजे बारा जागा जुळवल्या की अख्खा ऑर्गन सुरात. विजेच्या सायकलशी काही संबंध नाही. मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो २२० वर करा की झालं.

तपासणीही त्यामुळे सरळ. एक सूर सगळ्या सप्तकांत मुका किंवा बेसूर असेल तर त्याचा ऑसिलेटर. वरचं सप्तक वाजतं आणि एका ठिकाणापासून खाली सगळं मुकं, किंवा खालचा सूर वरच्याच सप्तकात वाजतो, तर डिव्हायडर. फक्त एकच कळ मुकी तर संपर्क. एकाच टॅबवर (आवाजाचा रंग निवडायच्या पट्टीवर) सगळं मुकं तर त्या टॅबचा स्विच किंवा फिल्टर. यातलं काहीही साध्या ट्रान्झिस्टरने आणि कपॅसिटरने दुरुस्त होतं, कुठलाही खास चिप नाही.

मोबाइलवर ट्यूनर लावून सुरू केल्याबरोबर बाराही सूर लिहून घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा. सुरुवातीच्या फारफिसांत जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत, ते उष्णतेला हळवे. सगळे बारा सूर मिळून दोन-तीन सेंट सरकले तर चालेल. एखादा एकटाच दहा सेंट पळाला तर तो ट्रान्झिस्टर किंवा त्याचा कपॅसिटर बदलायचा.

माशेलचा_रसिक

सूर जुळवायचं काम मंडळातला कुणी करू शकेल? की त्यासाठी माणूस बोलवावा लागतो?

काळी_दोन

करू शकेल, हात हलका हवा. प्रत्येक ऑसिलेटरच्या गुंडाळीत फेराइटचा स्क्रूसारखा गाभा असतो. तो आत गेला की सूर उतरतो, बाहेर आला की चढतो. लोखंडी स्क्रूड्रायव्हर दोन कारणांसाठी नको: तो जवळ नेल्यानेच सूर बदलतो, आणि फेराइट कचकन फुटतो. प्लास्टिकचं ट्यूनिंग हत्यार घ्या. गाभा मेणाने पक्का केलेला असेल तर हेअर ड्रायरने लांबून ऊब द्या, जोर करू नका. एका वेळी अष्टमांश फेरा. आधी अर्धा तास चालू ठेवून मगच हात लावा, आणि ट्यूनर ४४० ला न लावता तुमच्या पेटीला लावा. पेटी कुठल्या सुराला आहे ते आधी मोजून ठेवा, बऱ्याच पेट्या ४४० च्या थोड्या वर सापडतात.

रामनाथीचा_साथीदार

यातच एक गंमत करता येते. षड्ज ठरलेला असेल तर बारा सूर समान अंतरावर न ठेवता नैसर्गिक अंतरावर लावता येतात. शुद्ध गंधार १४ सेंट खाली, शुद्ध धैवत १६ खाली, शुद्ध निषाद १२ खाली, कोमल गंधार १६ वर. तंबोऱ्यावर असा गंधार धरून ठेवला की फरक लगेच कानाला कळतो. पण षड्ज बदलला की सगळं विस्कटतं, आणि समान सुरांच्या पेटीशी भांडण होतं. एका गायकाच्या बैठकीला ठीक, नाटकाला नको.

बारदेशचा_कीबोर्ड

नाटकाला नको हे तुम्हीच म्हणालात, मग फारफिसाचा फायदा पेटीला जुळवण्यापुरता उरला. हॅमंडला ६० हर्ट्झ मिळाले की तो ४४० वर असतो. पेटी ४४० ची घ्या, सुटलं.

काळी_दोन

पेटी वादकाची असते साहेब, मंडळाची नाही. दर प्रयोगाला वादक बदलला की पेटी बदलते.

तिसवाडी

आवाज, सूर झाले. आता पावसाचं बोला. गोव्यात जून ते सप्टेंबर वाद्य कसं तगेल यावर त्याची खरी किंमत ठरते.

लाकूड आधी. पेटाऱ्याखाली, पायांच्या आतल्या बाजूला, पेडलांखाली बारीक पिठासारखी पूड पडलेली दिसली तर भुंगा जिवंत आहे. पूड झाडून टाका, दोन दिवसांनी पुन्हा बघायला जा. पुन्हा पडली तर वाद्य घरात आणू नका, घरचं फर्निचरही जाईल. वाळवीची माती मागच्या फळीच्या खालच्या कडेला दिसते; फळी बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो का बघा. इलेक्टोनसारख्या वाद्यांत खालचा भाग भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा असतो, त्याला एकदा पाणी लागलं की तो फुगतो आणि स्क्रू धरत नाही. दुरुस्त होत नाही, फळी नवी करावी लागते.

मग संपर्क. कळांखालच्या चांदीमिश्रित तारा दमट खाऱ्या हवेत काळ्या पडतात. देवळात धूप-ऊद जळतो, त्याचा थर वेगळाच. लक्षण असं की कळ दोन-तीनदा आपटली की आवाज येतो, नंतर पुन्हा जातो. पॉलिश पेपर किंवा नेलफाइल लावू नका, वरचा मुलामा निघून गेला की दर पावसाळ्यात तेच काम. साध्या कागदाची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून संपर्कात धरायची, कळ हलकेच दाबायची, पट्टी ओढून काढायची. काळा पट्टा दिसेल. दोनदा ओली, एकदा कोरडी. हॅमंडच्या मोठ्या कन्सोल मॉडेलांत संपर्कदांडी किंचित सरकवायचा स्क्रू असतो, तो फिरवला की संपर्काला कोरी जागा मिळते.

ठेवताना जमिनीपासून दोन-तीन इंच वर, लाकडी ठोकळ्यांवर. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून कधीच नाही, निदान एक वीत अंतर. पेटाऱ्यात तळाला १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, जाळीच्या पिंजऱ्यात, लाकडापासून आणि वायरिंगपासून दूर, पावसाळाभर चालू. एलईडी नको, ऊब हवी आहे, उजेड नको. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा-पाऊण तास वाजवा. डांबरगोळ्या आत टाकू नका, प्लास्टिकच्या भागांना त्यांचा वास आणि वाफ बाधते. मागची भोकं बारीक जाळीने बंद करा. उंदराला कापडी वेष्टनाच्या वायरी फार आवडतात.

सोल्डर_आणि_सोलकढी

उत्तम लिहिलंत. यात विजेचं जोडतो, कारण तीन-चार वर्षं बंद पडलेलं वाद्य सरळ प्लगला लावलं की धूर निघालाच समजा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प वापरा. फेज वायरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब, त्याच्या पुढे वाद्य. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं. पूर्ण उजेडात पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. फारफिसासारख्या ट्रान्झिस्टर वाद्यात ही चाचणी स्वच्छ निकाल देते. हॅमंडमध्ये मोटर आणि हीटर असल्याने बल्ब तसाही थोडा पेटणार आणि मोटर कदाचित फिरणार नाही, तिथे घाबरू नका.

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न तपासता बदला. पन्नास वर्षांचे झालेत, आवाजाखाली जी जाड गुणगुण येते ती त्यांचीच. मूल्य तेच किंवा थोडं जास्त, व्होल्टेज मूळ आकड्याच्या वरचं, तापमान १०५ अंशांचं.

मूळ केबल दोन तारांची असते, अर्थिंग नाही. तीन तारांची लावून हिरवी तार धातूच्या चॅसीला पक्की करा. मंचावर अॅम्प्लिफायर, माइक आणि ऑर्गन वेगवेगळ्या बोर्डांवर असले की हात ऑर्गनवर आणि ओठ माइकला, तिथे झटका बसतो. गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडणारे महाभाग असतात; त्याऐवजी ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलचा अर्थ तोडणारा स्विच) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांना जोडणारा डबा, मध्ये घाला.

फारफिसाचा आवाज एकदम बारीक येत असेल तर घाबरू नका. बऱ्याच जुन्या ऑर्गनमध्ये व्हॉल्यूम पेडलात छोटा दिवा आणि प्रकाशाला दाद देणारा रेझिस्टर असतो. दिवा गेला की वाद्य मेल्यासारखं वाटतं. दिव्याची किंमत चहाइतकी. हे माहीत असलेला गिऱ्हाईक अशी 'बिघडलेली' वाद्यं निम्म्यात घेऊन जातो.

माशेलचा_रसिक

देव बरें करूं! इलेक्टोनबद्दल कुणीच काही बोलत नाही. १५ हजार म्हणजे सगळ्यात स्वस्त.

बारदेशचा_कीबोर्ड

स्वस्त का आहे ते बघा. यामाहाने इलेक्टोन १९५९ पासून बनवले आणि कारागिरी वादातीत. पण सत्तरच्या दशकानंतरच्या मॉडेलांत त्यांचे स्वतःचे खास चिप आहेत. त्यातला एक गेला की सुट्टा मिळत नाही, दुसरं तसंच मेलेलं वाद्य शोधून त्यातून काढावा लागतो. खूपच नवं असेल तर सगळा सूर एकाच मास्टर घड्याळातून येतो, बारा वेगळे सूर लावता येत नाहीत, सगळे मिळून वरखाली होतात. आवाज मऊ, बासरीसारखा, भजनाला गोड. नाटकाच्या भरण्याला तितका बोचत नाही, आणि बोचणं थोडं हवंच.

शिवाय तो नेणार कसा? दोन मजली पेटारा, बाक, पेडलपट्टा. प्रयोगागणिक पिकअप आणि चार माणसं. सप्त्यासाठी देवळात एका जागी ठेवणार असाल, पाऊस लागणार नसेल आणि सगळ्या कळा वाजत असतील तर १५ हजाराला तो वाईट नाही. पाटीवर १०० व्होल्ट असेल तर तो जपानच्या घरगुती बाजाराचा, त्याला मात्र ट्रान्सफॉर्मर पुरतो, ६० सायकलची भानगड नाही.

पिंपळकट्टा

थोडं अवांतर. पायाच्या ऑर्गनचा भाता गेलाय तर विजेचा ब्लोअर लावून तोच चालवता येणार नाही का? मूळ आवाज तर तोच.

रामनाथीचा_साथीदार

येतो, आणि आवाजाचा विचार केला तर तिन्हीपेक्षा चांगला पर्याय आहे. लक्षात ठेवायचं एवढंच की नाटकातले जुने अमेरिकन घाटाचे ऑर्गन हवा ओढून वाजतात, हाताच्या पेटीसारखी ढकलून नाही. म्हणून ब्लोअरचं शोषणाचं तोंड वाद्याला जोडायचं. उलटं जोडलं तर पत्त्या बोलतच नाहीत किंवा धुळीने भरतात. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर फार जोरात ओढते आणि फार ओरडते. ती वापरायचीच तर लाकडी खोक्यात, आतून फोम लावून, जाड नळीने विंगेत, आणि नळीला हवा आत घेणारं भोक ठेवून ओढ कमी करायची. पाणी भरलेली पारदर्शक यू-नळी लावून मोजा: दोन बाजूंच्या पातळीत ८० ते १०० मिलिमीटर फरक पुरे. जास्त ओढ दिली तर पत्त्या उशिरा बोलतात आणि सूर उतरतो. मूळ भाता काढून टाकू नका, त्याचं कापड बदलून तो साठवण म्हणून ठेवा, नाहीतर दर कळेला हवा हलते आणि आवाज थरथरतो.

पण पत्त्यांना बुरशी आणि हिरवा गंज चढला असेल तर प्रत्येक पत्ती काढून, पितळी ब्रशने अगदी हलक्या हाताने साफ करून, पुन्हा सुरात लावावी लागते. ते काम जाणणारे हात कमी आहेत.

आणि 'इलेक्ट्रिक ऑर्गन' म्हणून विकायला येणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या, पंख्यावरच्या पेट्यांपासून सावध राहा. सुरू करताच पंख्याची घरघर येते आणि क्षणभराने सूर उमटतो. त्या प्लास्टिकच्या खोक्यातल्या पत्त्या आहेत, पोरांच्या खेळण्याची जात.

सोल्डर_आणि_सोलकढी

म्हापशाला जाताना खिशात काय न्यायचं: मोबाइलवर ट्यूनर, छोटा टॉर्च, मल्टिमीटर, सिरीज बल्ब, जॅकची केबल, छोटा अॅम्प्लिफायर. टॅब एकेक करून सगळ्या कळा. डावीकडच्या वेगळ्या रंगाच्या कळा बाससाठी असतात, त्या विसरू नका, त्यांचा स्विच वेगळा असतो. गुडघ्याने हलवायचा लिव्हर मिळतोय का, पाय आणि मूळ व्हॉल्यूम पेडल सोबत आहे का, हे विचारा. ते नसलं तर किंमत खाली आणा, कारण त्याच कनेक्टरचं दुसरं पेडल शोधणं मंडळाच्या एका हंगामाचं काम होईल.

किंमत ठरवताना माझा हिशोब असा: सगळे सूर वाजतात, मूळ पेडल आहे, झाकण आहे, तर मागतात त्याच्या जवळपास द्या. एक-दोन मुकी कळ असेल तर फार घासाघीस करू नका, ते एका संध्याकाळचं काम. एखादा सूर सगळ्या सप्तकांत नसेल तर तीन-चार हजार कमी मागा. बोर्डवर हिरवा गंज, तुटलेले ट्रॅक, कुणीतरी जाड सोल्डरने केलेली जुनी दुरुस्ती दिसली तर तो सुट्या भागांचा माल, त्या भावानेच बोला.

माशेलचा_रसिक

रविवारी म्हापशाला जाऊन आलो. पेडल मूळ, लिव्हर आहे, पाय तीनच, चौथा बांबूचा! व्होल्टेज स्विच २२० वर. सिरीज बल्ब लगेच मंद झाला. मध्यम आणि पंचम यांच्या मधला काळा सूर (काळी तीन) वरच्या सप्तकात वाजतो, खाली तीन सप्तकं मुका. आणखी दोन कळा आपटल्यावर वाजतात. बाकी सगळं ठीक. गरम झाल्यावर सूर फारसे सरकले नाहीत, जास्तीत जास्त चार सेंट, सगळे एकाच दिशेने. ते ३४ पर्यंत आलेत.

काळी_दोन

काळी तीनचा पहिला डिव्हायडर गेलाय. एका ट्रान्झिस्टरचं काम, फार तर दोघांचं. त्याच सुराच्या बोर्डवर शेजारी तसलाच दुसरा टप्पा असतो, त्याचे व्होल्टेज मोजून तुलना करा, बिघडलेला ट्रान्झिस्टर लगेच सापडतो. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन घालताना बायसचा रेझिस्टर बदलावा लागतो, म्हणून शक्यतो त्याच जातीचा शोधा.

३० म्हणा, ३२ ला घ्या.

तिसवाडी

आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी झाकण उघडून झुरळांची अंडी साफ करा. जुन्या बँडच्या वाद्यात ती असतातच, बोर्डवर मेलेलं झुरळ पडलं की शॉर्ट.

बारदेशचा_कीबोर्ड

मी अजूनही हॅमंडच्याच बाजूने. पण चार माणसं आणि बोरीचा पूल ओलांडून नेणार तो पिकअप हे मंडळाला झेपणार नसेल तर ठीक. कुणी दुसरा तो सासष्टीतला एल-१०० घेत असेल तर हलवण्याआधी जनरेटरचे वाहतुकीचे बोल्ट आवळून घ्यायला सांगा. जनरेटर स्प्रिंगवर टांगलेला असतो, मोकळा ठेवून खड्ड्यांतून नेला की बेअरिंग वाकडी होतात. उभाच न्यायचा, आडवा केला तर तेल कळांमध्ये उतरतं.

माशेलचा_रसिक

३२ ला ठरलं. अॅम्प्लिफायर कुठला लावू? मंडळाकडे माइकचा पीए (लाउडस्पीकरची यंत्रणा) आहे आणि एक जुना गिटार अॅम्प.

रामनाथीचा_साथीदार

गिटार अॅम्प नको, त्याचा स्पीकर खालचे सूर सोडतो आणि वरच्यांना किरकिरा करतो. कीबोर्ड अॅम्प, १२ इंची स्पीकर, ५० वॅटच्या वर, सभामंडपाला पुरतो. मोठ्या मैदानात डीआय बॉक्समधून पीएला द्या आणि अॅम्प फक्त गायकाला ऐकू येण्यासाठी त्याच्या मागे, कंबरेच्या उंचीवर ठेवा. पीएवर तीन किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, फारफिसाची धार तिथेच आहे. ८ फुटी बासरीचा टॅब आणि त्यावर थोडा ४ फुटी, एवढ्याने सुरुवात करा. पत्तीसारख्या आवाजाचे टॅब भैरवीपर्यंत राखून ठेवले तरी चालतील.

सोल्डर_आणि_सोलकढी

चौथा पाय फोंड्यात कुठल्याही लेथवर होतो. उरलेल्यातला एक पाय नमुना म्हणून न्या, आणि आटे इंचाचे आहेत की मिलिमीटरचे ते तिथेच मोजून घ्या.